दोन शिवारांचे कोष

पोळा झाला की आमच्याकडे एक वेगळाच ऋतू सुरू होतो. कॅलेंडरात त्याला नाव नाही. ऊन दिसत नाही, पाऊसही धड पडत नाही, आणि हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटून राहते. भिंतींना घाम येतो. बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटी घासून घासून संपते, वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. आसपासचे लोक या दिवसांत कपाशीच्या बोंडांची चिंता करत असतात. मी मात्र सकाळी दार उघडून आधी हवा हुंगते. परवा उघडलं तर हवा तशीच, जड आणि गार. युनिटच्या पत्र्यावरून पाणी टिपकत होतं, आतून उकळत्या कोषांचा वास येत होता. मी दारातच थांबले. तो भाद्रपद पुन्हा अंगावर आला.

आमचं रेशमाचं एक छोटं युनिट आहे, जालन्याच्या बाहेर. शेतकऱ्यांकडून रेशमाचे कोष घ्यायचे, गरम पाण्यात घालून त्यांचा धागा सोडवायचा, त्याच्या लडी करायच्या आणि येवल्याच्या एका विणकराकडे पाठवायच्या. बॉयलर आणि यंत्रं माझा नवरा अनिल बघतो. कोष आणणं माझ्याकडे. या कामाचा वास केसांतून कधीच जात नाही. सुरुवातीला मी लग्नकार्याला जाताना दोनदोनदा न्हायचे; आता सोडून दिलंय.

त्याआधी बरीच वर्षं मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. तिथला नियम साधा होता. कुठलीही वस्तू एकाच माणसाकडून घ्यायची नाही. बोल्ट दोघांकडून, बेअरिंग तिघांकडून. एकाची गाडी घाटात अडकली की दुसऱ्याला फोन लावायचा. हे मी इतक्या सहज करत असे की त्यात काही भावना गुंतू शकते, हे कधी मनातच आलं नाही. बोल्ट पुरवणारा माणूस काही माझ्याकडे भाऊबीजेला येत नव्हता.

दत्ताभाऊ यायचे.

दत्ताभाऊ आष्टीचे. परतूर तालुक्यातल्या त्या मोठ्या गावात त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची काळी जमीन आहे. तिच्या एका तुकड्यात त्यांनी तुती लावली आणि कडेला अळ्यांसाठी शेड बांधलं. आमचं युनिट सुरू झालं तेव्हा आम्हाला कोष द्यायला कुणी तयार नव्हतं. नवी माणसं, शहरातली, उद्या बंद करून निघून गेली तर? दत्ताभाऊ एकदा येऊन यंत्रं बघून गेले आणि पुढच्या बॅचला पोती घेऊन दारात हजर. चालू तर करा ताई, बघू मंग, एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमचे सगळे कोष त्यांचेच. पांढरेशुभ्र, एका मापाचे, मुठीत घेऊन हलवले की आतला किडा खुळखुळ वाजणारे. त्यांच्या कोषाचा धागा एकदा लागला की शेवटपर्यंत तुटायचा नाही. आष्टीला गेले की त्यांची बायको सुमनवहिनी मला आधी जेवायला घालायची आणि मग शेडात न्यायची. शेडात शिरलं की तो आवाज. हजारो अळ्या एकदम तुतीचा पाला खात असतात. लांब कुठे तरी कुणी कोरडे कागद चुरगाळत बसावं, तसा. दत्ताभाऊ बोलता बोलता मधेच थांबून तो आवाज ऐकायचे. घरातलं मूल नीट जेवतंय ना, हे बापानं आडून बघावं, तसं काही तरी त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. घरात लग्न म्हटल्यावर अळ्यांकडे कोण बघणार? त्यांनी ती बॅच घेतलीच नाही. त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. लग्नात मीच मुलीच्या हाताला मेंदी लावत बसले होते. पण इकडे युनिट बंद पडलं. कोष साठवून ठेवायचे म्हटलं तर आमच्यासारख्यांना ते झेपत नाही, आणि पावसाळी हवेत साठवलेल्या कोषांना बुरशी धरते. बाजारातून उचलावेत तर कुठल्या शेडातले, कुठल्या पाल्यावरचे, काही कळत नाही. धागा कधी जाड, कधी बारीक. काम नसलेल्या बायका सवयीनं येऊन बसायच्या आणि दुपारी उठून जायच्या.

त्यांच्यात शकीलाआपा सगळ्यांत जुन्या. जुन्या जालन्यातून रिक्षानं येतात, उकळत्या पाण्यात बोटं घालून कोषाचं टोक डोळे मिटूनही शोधतात. एक दिवस जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. तक्रार नव्हती, नुसतं विचारणं होतं.

“काम पुढं बराबर राहील ना, बाई? न्हाई तर आताच सांगा. मी दुसरीकडं बघते.”

“राहील,” मी म्हणाले. आणि त्या गेल्यावर कितीतरी वेळ विचार करत बसले की हे मी कशाच्या जोरावर म्हणाले? एका माणसाच्या. एका शेडाच्या, एका विहिरीच्या, एका गावावर येणाऱ्या ढगाच्या जोरावर.

आषाढात मी स्कूटी काढली आणि हिंडायला लागले. आज त्या दिवसांकडे बघते तेव्हा गंमत वाटते. मुलीसाठी स्थळं बघत हिंडावं तशी मी गावोगावची शेडं बघत होते. चपला बाहेर काढायच्या, चुन्याच्या पाण्यात पाय बुडवायचे, आत जायचं, पाल्याचा हिरवा, थोडासा कोंदट वास घ्यायचा, मग ओसरीवर बसून चहा. परतूरच्या बाजूला एक शेड तर इतकं देखणं होतं की माझा पाय निघेना. कोष दत्ताभाऊंच्या तोडीचे. अनिल म्हणाला, यांच्याशी बोलून टाक. पण त्यांचं शिवार दत्ताभाऊंच्या शिवाराला लागून होतं. लहान अळ्या दोघंही एकाच ठिकाणाहून आणत, बॅचही दोघांची एकाच सुमाराला असे. आष्टीवर जे आभाळ येणार, तेच यांच्यावर. जे दुखणं त्यांना होणार, तेच यांनाही. दत्ताभाऊंसारखा दुसरा माणूस मिळवून काही होणार नव्हतं. मला चांगला नको होता. वेगळा हवा होता.

ही गोष्ट तेव्हा मला धड शब्दांत सांगता येत नव्हती. अजूनही सांगताना अडखळते. आपण माणसं निवडताना त्यांचे गुण बघतो. पण आधाराला माणूस शोधायचा तर त्याच्यावर संकट कुठल्या दिशेनं येतं, हेही बघावं लागतं. दोघांवर एकाच दिवशी कोसळेल अशी जोडी कितीही सुंदर असली तरी तिच्या भरवशावर घर उभं करता येत नाही.

जाईन तिथे मी एक प्रश्न विचारत असे: मागे बॅच बिघडली तेव्हा काय केलं? बहुतेक जण म्हणायचे, आमची बिघडत नाही. काही जण हसून विषय बदलायचे. बदनापूरच्या अलीकडे, रेल्वे रुळांच्या पलीकडच्या एका वस्तीवर कल्पना भेटली. तिशीतली असेल. नवरा रोज सकाळच्या गाडीनं कामाला जातो, घरी ती आणि सासू. दोघींनी मिळून कपाशीचा एक तुकडा मोडून तुती लावलेली. शेड लहान, एका बाजूनं जुन्या साड्यांचे पडदे. तिला मी तोच प्रश्न विचारला. तिनं हातातला पाला खाली ठेवला.

“दोनदा बिघडली. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा आधी घेणाऱ्याला फोन केला, मंग रडले.”

तिचे कोष लहानमोठे होते, थोडे पिवळसर. अनिलनं एक कोष दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि धागा तुटणार म्हणाला. मी म्हटलं, मला तिच्या कोषांपेक्षा तिचा फोन हवाय. आष्टीची जमीन काळी, तिची मुरमाड. तिकडचा पाऊस वेगळा, इकडचा वेगळा. तिची बॅच दत्ताभाऊंच्या मागून दोनेक आठवड्यांनी निघणारी. आमचं ठरलं. थोडे कोष तिचे, बाकी दत्ताभाऊंचे.

आता ते दत्ताभाऊंना सांगायचं होतं. अनिलच्या मते सांगायची गरज नव्हती. कळेल तेव्हा कळेल. कारखान्यात तू कुणाला कधी सांगितलं होतंस? पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळावं, हे मला सोसवेना. मी आष्टीला गेले. सुमनवहिनींनी नेहमीसारखं ताट वाढलं. मी आधी बोलते म्हणाले, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. दत्ताभाऊ बाजेवर बसून तुतीच्या फांद्या छाटायचा कोयता पुसत होते.

मी सगळं सांगितलं. त्यांनी कोयता पुसणं थांबवलं. मग म्हणाले,

“माल कमी पडला का, ताई?”

“नाही.”

“खराब निघाला?”

“नाही, भाऊ. तुमच्यासारखा माल कुणाचाच नाही.”

“मंग भरोसा उडाला म्हणा.”

मी खूप बोलले. बायकांचं काम, विणकराला दिलेला दिवाळीपर्यंतचा शब्द, लग्नातला खाडा. खाडा हा शब्द तोंडातून निघाला आणि मीच ओशाळले. ते ऐकत होते. शेवटी कोयता भिंतीला लावून उठले. तुमचा धंदा हाय, तुम्ही बराबर बघा, असं म्हणाले आणि शेताकडे गेले. मी जेवले. न जेवता निघणं त्याहून वाईट झालं असतं. एरवी ते मला स्कूटीपर्यंत सोडायला येत. त्या दिवशी सुमनवहिनी आल्या आणि पिशवीत शेवग्याच्या शेंगा घालता घालता हळूच म्हणाल्या, ते रागवलेले न्हाईत, त्यांना लागलंय.

आष्टीहून जालन्यापर्यंतचा रस्ता मला तेवढा लांब कधीच वाटला नाही. शंभर टक्के विसंबलो तरच विश्वास, असं आपल्याला कुणी शिकवलं? पोराला शाळेत घालताना आपण शेजारणीलाही सांगून ठेवतो की ह्यांना उशीर झाला तर घेऊन ये. त्यात नवऱ्यावरचा विश्वास उडालेला नसतो. तरीही, आपण एकटेच नाही आहोत, हे ज्याला समोर बसवून सांगितलं जातं, त्याच्या आत काही तरी हलतंच. ते समजावून थांबत नाही. मी बरोबर होते, आणि मला रडू येत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

श्रावणात दत्ताभाऊंचे कोष आले ते टेम्पोवाल्याबरोबर. ते स्वतः आले नाहीत.

आणि मग तो भाद्रपद. हवा अशीच, परवासारखी. दिवसभर दिवे लावून काम करावं लागे. महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी सुमनवहिनींचा फोन आला. आवाज खालचा होता. “ताई, तुम्ही या. हे काल धरून जेवून न्हाई राह्यले.”

मी पोचले तेव्हा घरात महालक्ष्म्या उभ्या होत्या. हिरव्या साड्या, गळ्यात दागिने, समोर फराळाच्या राशी. वहिनींनी सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. डोळे मात्र सुजलेले. दत्ताभाऊ शेडाच्या मागे होते. तिथे एक खड्डा होता, वरून पांढरा चुना टाकलेला. कोष विणायला जेमतेम काही दिवस उरले असताना सगळी बॅच गेली होती. ग्रासरी म्हणतात त्या रोगाला. ओली हवा साचून राहिली की तो पसरतो. अळ्या फुगतात, पिवळ्या पडतात, कातडी फुटून पाझरतात आणि रॅकच्या कडेला लोंबकळतात. मी शेडाच्या दारात उभी राहिले. रॅक रिकामे होते. आणि तिथे अजिबात आवाज नव्हता. त्या शेडात इतकी शांतता असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

मी मागे जाऊन दत्ताभाऊंशेजारी बांधावर बसले. ते म्हणाले की परवापर्यंत बिलकुल चांगल्या खात होत्या. मी जेवायला चला म्हटलं. ते उठले, कदाचित मी आले होते म्हणून असेल. पुरणाची पोळी, कटाची आमटी, अंबाडीची भाजी. वहिनी वाढत होत्या आणि ते खाताहेत ना, हे आडून बघत होत्या. अर्धी पोळी झाल्यावर त्यांनी विचारलं, युनिटचं आता कसं? मी सांगितलं, बदनापूरच्या कल्पनाची बॅच येईल, लहान आहे पण येईल. त्यांनी हातातला घास ताटातच ठेवला. मला वाटलं, पुन्हा लागलं. पण ते म्हणाले,

“तिचं शेड उताराला हाय का खोलगट जागंला?”

खोलगट जागेला आहे, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पोळी संपवली. निघताना मी त्यांना सांगितलं की थंडीतली बॅच धरा, तुमची जागा तुमचीच आहे. या वेळी मात्र ते स्कूटीपर्यंत सोडायला आले.

त्यानंतर पाऊस जो लागला, तो जोराचा. एके दुपारी कल्पनाचा फोन आला. मला फोन करायचा तर काही तरी बिघडल्यावरच, असं आमचं जणू ठरलेलंच होतं. शेडाच्या मागच्या भिंतीला पाणी लागलं होतं, अळ्या शेवटच्या खाण्यावर होत्या, ती आणि सासू पाला वाळवत होत्या आणि नवरा संध्याकाळच्या गाडीशिवाय येणार नव्हता. मी रेनकोट चढवून निघाले. जाऊन नेमकं काय करणार, हे ठाऊक नव्हतं.

वस्तीच्या तोंडाशी, बाभळीखाली, एक मोटारसायकल उभी होती. ती मी लांबूनच ओळखली. शेडाच्या मागे दत्ताभाऊ डोक्यावर खताचं पोतं ओढून फावड्यानं चर खणत होते. चिखल गुडघ्यापर्यंत. चर भिंतीपासून निघून तुतीच्या कडेनं ओढ्याकडे वळत होता, आणि साचलेलं पाणी त्याच्यातून हळूहळू, मग भराभरा निघून चाललं होतं. कल्पना माझ्याजवळ येऊन कुजबुजली की हे कोण आहेत ते तिला माहीतच नाही. ताईंच्या ओळखीचा हाय म्हणाले, फावडं मागितलं आणि लागले. चहाला आत या म्हटलं तर येईनात. मागून कळलं, ते शेडासाठी औषध घ्यायला जालन्याला आले, आणि तिथूनच बदनापूरच्या स्टेशनवर विचारत विचारत पुढे निघाले होते.

मी छत्री घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांनी हातानंच मला मागे सरकवलं. चार पावलं लांबच थांबा म्हणाले. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलोय, तरी माझ्या शेडातला रोग अंगाला असंल तर? त्या पोरीच्या अळ्यांना नको. मी आत बिलकुल पाय ठेवणार न्हाई. कल्पनाच्या सासूनं चहाचा कप कुंपणाच्या दगडावर ठेवला आणि ती मागे झाली. त्यांनी तो उचलला, वर पोत्याची कड धरली आणि पावसात उभ्यानं प्यायले. मग तिथूनच, लांबून, कल्पनाला सांगितलं की वाऱ्याकडचा पडदा वर बांध आणि रॅकवर चुना भुरभुर. ती पळाली.

मी विचारलं, “भाऊ, तुम्ही का आलात इतक्या पावसात?”

ते शेडाकडे बघत होते. पडद्याच्या साड्या हलत होत्या, आणि पावसातूनही तो आवाज येत होता, बारीक, सारखा, खाण्याचा.

“माझ्या शेडातला बंद झाला ना,” ते म्हणाले. “हितं चालू हाय. ऐकत ऐकत काम करावं वाटलं.”

त्यांनी कप दगडावर ठेवला आणि पुन्हा फावडं घेतलं.

कल्पनाची बॅच निघाली. कोष लहान, पिवळसर. शकीलाआपांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. धागा तुटायचा, त्या जोडायच्या, पुन्हा तुटायचा. पण पाण्याखालचा विस्तव एकदाही विझला नाही. येवल्याहून विणकराचा फोन आला, की धागा या वेळी हाताला वेगळा लागतोय. मी म्हटलं, शिवार वेगळं आहे. ते हं म्हणाले आणि विणत राहिले.

आता आमचे कोष चार दिशांच्या शेडांतून येतात. कल्पनानं दुसरं शेड बांधलंय, उताराला. कुणाची बॅच हुकली तर कुणी ना कुणी सावरून घेतं. नव्यानं कुणाशी बोलणी झाली की मी आधीच्यांना आपणहून, समोर बसून सांगते. प्रत्येक वेळी समोरचा चेहरा क्षणभर पडतो. त्याची सवय मला झालेली नाही, आणि होऊ नये असंही वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सालच्या हिवाळ्याचं. दत्ताभाऊंनी शेड धुऊन, चुना मारून, पुरेसे दिवस रिकामं ठेवून थंडीत बॅच धरली. हवा कोरडी, स्वच्छ. बॅच अशी निघाली की सुमनवहिनींनी आनंदानं फोन केला. ज्या दिवशी माल येणार होता, त्या दिवशी मी मुद्दाम जागा मोकळी करून ठेवली. दत्ताभाऊ स्वतः आले. टेम्पोतून पोती उतरली. मोजायचीही गरज नव्हती, निम्मीच होती.

बाकीची मागून येताहेत का, मी विचारलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

“न्हाई, ताई. बाकीचा माल मी दुसऱ्या एका युनिटाला दिला. तुमचं बंद पडलं, बॉयलर बिघडला, काही झालं तर मंग मी कुठं जावं? एकाच दारावर बसून बराबर न्हाई. म्हणलं, आपल्या तोंडानंच सांगावं.”

बरोबर केलंत, असं मी म्हणाले. मी खाली बसून एका पोत्याचं तोंड सोडलं आणि कोष चाळू लागले. पांढरेशुभ्र, एका मापाचे. त्यांत वेगळं काढण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी चाळत राहिले. अनिल काट्यापाशी उभा होता. आत शकीलाआपांच्या पाण्याची वाफ खिडकीतून बाहेर येत होती.

दत्ताभाऊ माझ्यासमोर उकिडवे बसले.

“ताई, लागलं का?”

“लागलं,” मी म्हटलं.

त्यांनी मूठभर कोष उचलून माझ्या ओंजळीत घातले आणि त्या वर्षात पहिल्यांदा मनापासून हसले.

“मंग बराबर हाय. लागलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं.”